बदलीच्या आदेशात मुलीचं नाव नसतं

सरकारी बँकेत बढती म्हणजे बदली, हे नोकरीला लागतानाच कळतं. कारकुनाचा अधिकारी झाला की शहर सुटतं, वरची श्रेणी मिळाली की पुन्हा सुटतं. त्यामुळे बढतीच्या परीक्षेचं परिपत्रक आलं की आमच्यातल्या काही जणी ते वाचतात आणि घडी घालून खणात ठेवतात. कुणी सासू-सासऱ्यांच्या आजारपणामुळे थांबलेली असते, कुणी नवऱ्याच्या दुकानामुळे. आणि काहींच्या घरी ऐकू न येणारं, चालता न येणारं किंवा स्वमग्न मूल असतं. त्या मुलासाठी त्यांनी या शहरात एक शाळा, एक थेरपिस्ट, समजून घेणारी एक बाई असं सगळं पै-पै जमवावी तसं जमवलेलं असतं. ते मोडून परक्या गावी जायचं कुणाच्या भरवशावर? त्या परीक्षेला बसतच नाहीत. कामात कुणाला हार न जाणाऱ्या या बायका आहे त्याच पदावरून निवृत्त होतात आणि सेवापुस्तकात नोंद राहते ती बढती स्वेच्छेने नाकारल्याची. त्यात स्वेच्छा कुठेच नसते.

मी परीक्षा दिली आणि पुण्याहून मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेले. लेक तेव्हा चौथी संपवत होती. ती जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरी आहे. उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे, डाव्याला श्रवणयंत्र. ती बोलते, पण नव्या माणसाला तिचं बोलणं कळायला थोडे दिवस जातात. ती ओठ वाचते. शिवाय मोठ्या कर्णबधिर मुलांमध्ये खेळून खेळून भारतीय सांकेतिक भाषा शिकली आहे आणि त्या भाषेत ती सगळ्यात मोकळी होते. पुण्यात ती महापालिकेच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात शिकत होती. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षिका ठरलेल्या वारी येऊन तिच्याजवळ बसत, वर्गशिक्षिकेशी बोलत, पुढच्या आठवड्याचे शब्द आधी घरी पाठवत. हे सगळं सरकारी शाळेत, विनामूल्य चालू होतं आणि चांगलं चालू होतं. हे मुद्दाम सांगते, कारण सरकारी व्यवस्थेला हे जमत नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. तिला हे जमतं. पण एका ठिकाणी जमलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोचत नाही आणि ते तिथे आहे की नाही हे निघण्याआधी कळण्याची सोय नाही.

दिव्यांग मुलाच्या आई-वडिलांना बदलीतून सूट देऊन आपण या प्रश्नाला हात लावल्याचं समाधान मानतो. मूल जिथे जाईल तिथे त्याच्या शिक्षणाची मदत त्याच्याबरोबर गेली पाहिजे, हे खरं उत्तर आहे आणि ते आपल्या आवाक्यातलं आहे.

कायद्याबद्दल आधी बोलते, कारण कायदा आपल्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ३१ सांगतं की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती मुलाची, कार्यालयाची नाही. कलम १६ त्याच्याही पुढे जातं: अंध, बहिऱ्या मुलांना त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेत आणि संवादपद्धतीत शिक्षण मिळेल हे पाहायचं आहे. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमणं, त्यांना प्रशिक्षण देणं, साधन केंद्रं उभारणं हे कलम १७ मध्ये येतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाणही घालून दिलं: प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक, वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. म्हणजे हक्क आहे, भाषा आहे, शिक्षकांचा हिशेबही आहे. यातल्या कुठल्याच ओळीत मूल पुण्यात असेल तर, अशी अट नाही.

बदलीचा आदेश हातात पडल्यावर रुजू व्हायला जो वेळ मिळतो त्यात माणूस घर शोधतो, गॅस बदलून घेतो, सामानाचा टेम्पो ठरवतो. मी त्या दिवसांत मुख्यतः फोन करत होते. पहिली अडचण ही की फोन कुणाला करायचा. आपल्या राज्यात कर्णबधिर मुलाच्या शिक्षणाला दोन दारं आहेत. विशेष शाळा आधी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, २०२२ च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाल्यापासून त्या त्याच्याकडे आल्या. नेहमीच्या शाळेत शिकणारं दिव्यांग मूल मात्र शालेय शिक्षण विभागाचं. त्याची मदत समग्र शिक्षाच्या समावेशित शिक्षणातून, तालुक्याच्या गट साधन केंद्रामार्फत येते. बाहेरच्या माणसाला हे कळायला काही मार्ग नाही. मी एका कार्यालयात विचारलं तर म्हणाले, कर्णबधिर ना, मग समाजकल्याणला विचारा. तिथे विचारलं तर म्हणाले, नेहमीच्या शाळेत घालायचंय ना, मग शिक्षण विभागाला विचारा. एका बाईंनी फोनवर विचारलं, “मॅडम, मुलगी बोलते का?” मी म्हटलं, बोलते. “मग तिला मूकबधिर कसं म्हणायचं? तिला आमच्याकडे कशाला आणता?” त्यांच्या आवाजात तुसडेपणा नव्हता, खरंच कोडं पडलं होतं त्यांना. कान बहिरे आणि वाचा आहे, असं मूल त्यांच्या नमुन्यात बसत नव्हतं. इम्प्लांट झालेली मुलं आता हजारोंनी आहेत. ती बोलणारी बहिरी मुलं आहेत. यंत्र काढलं की त्यांना दारावरची थापसुद्धा ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट मला आमच्या पुण्याच्या विशेष शिक्षिकांनी निघताना बजावली होती, आणि प्रत्येक पालकाला ती माहीत असायला हवी. त्या म्हणाल्या, “ताई, विशेष शिक्षक आहेत का, एवढंच विचारू नका. कुठल्या प्रवर्गाचे आहेत ते विचारा.” विशेष शिक्षणाची पदविका आणि पदवी प्रवर्गानुसार असते: कर्णबधिर, अंध, बौद्धिक अक्षम अशी. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होते तीही तशीच. तालुक्यात दोन विशेष शिक्षक आहेत असं उत्तर आलं की जीव भांड्यात पडतो. पण दोघेही बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण घेतलेले असले तर माझ्या लेकीच्या इम्प्लांटच्या प्रोसेसरचा दिवा लाल का लुकलुकतोय हे त्यांना कळणार कसं? त्यांचा त्यात दोष नाही. ते त्यांच्या विषयात तरबेज असतात. पण यादीत नुसतं ‘विशेष शिक्षक – २’ असं लिहिणं म्हणजे दवाखान्याच्या पाटीवर डोळ्यांचा की हाडांचा हे न सांगता नुसतं ‘डॉक्टर’ लिहिण्यासारखं आहे.

मग शाळा. कर्णबधिर मुलासाठी शाळा बघायची तर वर्गात जाऊन बसावं लागतं, आणि हे दुसऱ्या गावातून फोनवर होत नाही. मराठवाड्यात मी पाहिलेल्या एका शाळेची इमारत नवी, स्वच्छ, शिक्षक हौशी. पण वर्गावर पत्रे. पाऊस सुरू झाला की ऐकणाऱ्या मुलांनाही गुरुजींचं ऐकू येईना. इम्प्लांटमधून आवाज येतो तो सगळा येतो: पंख्याची घरघर, बाकाचा कर्र आवाज, रस्त्यावरचा ट्रॅक्टर. त्यातून माणसाचा आवाज वेगळा काढण्याचं काम मेंदू करतो, आणि दुपारपर्यंत मूल थकून जातं. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले की तिच्यासाठी तास संपला. ओठ वाचून सगळं कळतं असा लोकांचा समज असतो. प, ब आणि म हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. ‘पाठ’ म्हटलं, ‘बाठ’ म्हटलं की ‘माठ’, ते तिला वाक्याच्या संदर्भावरूनच ओळखायचं असतं. आणि तिला संदर्भ मिळावा म्हणून तर धडा आधी घरी यायला हवा असतो. श्रुतलेखनाचा तास आला की माझ्या पोटात कालवतं. शब्द न ऐकलेल्या मुलीला चुकीच्या स्पेलिंगबद्दल लाल शाईची रेघ मिळते आणि घरी आल्यावर ती वही दाखवत नाही.

तरी काही गोष्टी साध्या आहेत, पैसा लागत नाही. सकाळी वर्गात आल्यावर शिक्षकांनी तोंडावर कागद धरून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, श, स, म. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाने बसवलेली ही चाचणी आहे. या सहा आवाजांत मिळून बोलण्यातले खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर येतात. मुलगी सहाही परत म्हणाली तर यंत्र ठीक. ‘स’ आणि ‘श’ चुकले तर बॅटरी, केबल किंवा मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटची त्या मुलापुरती जुळणी, बघायचं. मिनिटभराचं काम. ते न झाल्यामुळे मुलं आठवडेच्या आठवडे बंद यंत्र कानावर लावून वर्गात बसतात आणि शेरा मिळतो: ‘लक्ष देत नाही’. पुण्यात हे आमच्या वर्गशिक्षिका रोज करत. नव्या शाळेतल्या बाईंना मी दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. त्यांना हे माहीत असायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या शाळेत असं मूल कधी आलंच नव्हतं. पण ते सांगण्याचं काम एका आईवर पडू नये. पुण्याच्या ज्या बाईंना माझ्या लेकीची नस न नस माहीत होती, त्यांच्याकडून या बाईंकडे एक पानही आलं नव्हतं.

इथे मी येऊन थांबते, कारण सगळ्या गोष्टीची गाठ इथे आहे. पुण्याच्या शाळेनं लेकीचा दाखला दिला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. शाळांच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत नव्या शाळेनं मागणी टाकली, जुन्या शाळेनं मंजूर केली, आणि लेकीचं नाव एका हजेरीपटावरून दुसऱ्यावर आलं. दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र तर देशभर चालतं. म्हणजे मुलाचं नाव, जन्मतारीख, दिव्यांगत्वाची टक्केवारी हे सगळं प्रवास करतं. प्रवास करत नाही ते तिचं शिकणं: कुठल्या बाकावर बसवायचं, कुठले आवाज तिला अजून लागत नाहीत, वाचन कुठवर आलंय, गणितात शाब्दिक उदाहरणं का अडतात, परीक्षेत जादा वेळ का लागतो. हे सगळं विशेष शिक्षिकेनं केलेल्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात असतं. तो आराखडा जुन्या साधन केंद्राच्या कपाटात राहतो. टक्केवारी सांगते की मुलगी किती बहिरी आहे. ती कशी शिकते ते टक्केवारीला माहीत नसतं. नव्या तालुक्यात मूल्यमापनाचं शिबिर होईपर्यंत ती पुन्हा कोरी पाटी. शिबिर वर्षातून ठरावीक वेळी होतं. तोवर मदतनीस भत्ता नाही, प्रवास भत्ता नाही, विशेष शिक्षकांच्या फेरीत तिच्या शाळेचं नाव नाही.

एका कर्णबधिर मुलाच्या वाढीत वर्षभराचा खंड काय असतो, हे ऐकणाऱ्यांना सहज उमगणार नाही. ऐकणारं मूल शाळा बुडली तरी घरात, गल्लीत, टीव्हीसमोर भाषा गोळा करत असतं. बहिऱ्या मुलापर्यंत भाषा कुणीतरी आणून द्यावी लागते. ती आणून देणारं माणूस काही महिने नसलं की शब्द थांबतात, आणि शब्द थांबले की इतिहास, विज्ञान, गणित सगळं मागे पडतं. केंद्राच्या एडिप योजनेतून गरीब घरच्या बाळांना इम्प्लांट मिळतं. एका मुलामागे सहा-सात लाखांपर्यंत खर्च सरकार करतं, आणि हे काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था वर्षानुवर्षं पाहते आहे. इतका पैसा, इतकं कसब लावून बसवलेलं यंत्र नव्या गावात चालू आहे की बंद, हे बघायला कुणी नाही, असं होणं मला असह्य वाटतं.

काही कार्यालयांतून मला उपाय सुचवला गेला: निवासी शाळेत घाला, तिथे सगळी सोय असते. विशेष शाळांना माझा विरोध नाही, उलट आदर आहे. देशातली पहिली कर्णबधिरांची शाळा मुंबईत माझगावला १८८५ मध्ये निघाली. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या रुईया विद्यालयासारख्या शाळांनी पिढ्या घडवल्या आहेत. कित्येक मुलांना पहिला मित्र आणि पहिली खरी भाषा अशा शाळेतच मिळते. लेकीला उद्या तिथे जावंसं वाटलं तर मी आनंदानं घालीन. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला आई त्याच जिल्ह्यात असताना वसतिगृहात ठेवायचं, ते केवळ तालुक्यात योग्य शिक्षक नाही म्हणून, याला पसंती म्हणत नाहीत.

आमच्या स्पीच थेरपीच्या वर्गातलं एक कुटुंब वडिलांच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात गेलं. त्यांच्याशी माझं बोलणं होत असतं. तिथे गेल्यावर त्यांनी सरकारी शाळेला लेखी कळवलं की मुलाला ऐकू येत नाही. शाळेनं स्वतःच्या खर्चानं तपासण्या केल्या, आई-वडिलांना घेऊन बैठक बसवली आणि मुलाचा आराखडा लिहून हातात दिला. व्हिसा कुठला, हे शाळेनं विचारलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालानंतर सरकारी शाळेला मुलाच्या कागदपत्रांवरून प्रवेश नाकारता येत नाही. मला खरं नवल वाटलं ते पुढचं. काही काळानं ते त्याच राज्यात दुसऱ्या गावी गेले, तेव्हा नव्या शाळेनं पहिल्या दिवसापासून जुन्या आराखड्याशी मिळतीजुळती मदत चालू केली. तसा कायदाच आहे. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा तिथला मूळ कायदा १९७५ चा. त्याच्या २००४ च्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटलंय की मूल एका शाळा-जिल्ह्यातून दुसऱ्यात आलं तर नव्यानं स्वतःचा आराखडा करेपर्यंत त्याला तोवर मिळत होती तशीच मदत द्यायची, आणि जुन्या शाळेनं कागद तातडीनं पाठवायचे. कॅलिफोर्नियात नवा आराखडा ठरवायला ३० दिवसांची मुदत आहे. याशिवाय फ्रीमाँटला राज्य सरकारची कर्णबधिरांची शाळा आहे, तीही मोफत, आणि पालकांना तिचाही पर्याय मागता येतो. तिथेही भांडावं लागतं, पत्रांवर पत्रं लिहावी लागतात, असं त्या मैत्रिणीनं सांगितलं. पण ते भांडण काय आणि किती मिळावं याचं असतं. मूल गाव बदलल्यामुळे शून्यावर येत नाही.

यावर लोक म्हणतात, ते श्रीमंत देश आहेत. ध्वनिरोधक वर्ग, प्रत्येक शाळेत ऑडिओलॉजिस्ट, याला पैसा लागतो हे मान्य. पण जुन्या तालुक्याच्या विशेष शिक्षकानं आराखड्याची प्रत दाखल्याला जोडायची आणि नव्या तालुक्यानं आपलं मूल्यमापन होईपर्यंत तो आराखडा मानायचा, याला पैसा लागत नाही. एका परिपत्रकाचं काम आहे.

शिवाय अशी कल्पना आपल्या राज्यात मुळातच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी महाराष्ट्रानं शिक्षण हमी कार्ड काढलं. मूल आई-बापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेलं की ते कार्ड दाखवून जवळच्या शाळेत बसायचं, परत आलं की कार्डासह आपल्या शाळेत. ज्या खात्याला हे सुचलं आणि ज्यानं ते अमलात आणलं, त्यालाच त्या कार्डावर ‘ऐकू येत नाही, यंत्र आहे, सांकेतिक भाषा कळते, पुढे बसवावं’ एवढ्या ओळी वाढवता येतील. आणि इथेच बदलीच्या सवलतीचं अपुरेपण उघडं पडतं. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागानं २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आदेश काढले की दिव्यांग मुलाची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फेरबदलीतून वगळता येईल. आदेश माणुसकीचा आहे, ज्यांना हवा त्यांच्यासाठी तो राहावा. पण बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या बाईला कोण बदलीतून वगळणार? एमआयडीसीतला कारखाना बंद पडला म्हणून चाकणला जाणाऱ्या कामगाराला, ट्रकवाल्याला, शेती सुटून शहरात आलेल्या माणसाला? गाव सोडणाऱ्यांत सरकारी नोकर मूठभर. बाकीच्यांच्या बहिऱ्या मुलांची नोंद कुठल्याच आदेशात नाही. आणि आम्हा नोकरदार आयांनाही ती सवलत एकाच शहराशी बांधून घालते. मुलाचं शिक्षण हवं की स्वतःची वाट हवी, हा प्रश्न तिच्यासमोर ठेवून सरकार बाजूला होतं.

राज्याबाहेर जाणाऱ्यांचा पेच आणखी वेगळा. बेंगळुरू किंवा हैदराबादला जाणारी कितीतरी मराठी घरं आहेत. मराठी ओठ वाचायला शिकलेलं मूल कन्नडच्या वर्गात बसतं तेव्हा त्याची वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ येते. अशा मुलाला सांकेतिक भाषा आधार देते, कारण प्रांतोप्रांतीचे फरक धरूनही ती देशभर कळते. दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश आता १०,००० हून अधिक शब्दांचा आहे. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी याच भाषेसाठी चालते. म्हणून, मूल बोलायला शिकतंय तर हातांची भाषा कशाला, असं सांगणाऱ्या डॉक्टरांचं आणि शाळांचं मला पटत नाही. मुलाजवळ दोन्ही असू द्यावं. यंत्र बंद पडतं, गाव बदलतं, हात बरोबर असतात.

आता निघण्याच्या तयारीत असलेल्या आई-वडिलांसाठी. आधी नव्या तालुक्याच्या गट साधन केंद्राला आणि जिल्ह्याच्या समावेशित शिक्षण समन्वयकांना फोन करा, घर नंतर शोधा. घर शाळेजवळ मिळतं, शाळा घराजवळ येत नाही. विशेष शिक्षकाचा प्रवर्ग विचारा आणि तुमच्या शाळेत त्यांची फेरी किती दिवसांनी, तेही. त्या शाळेत आधी कर्णबधिर मूल शिकलंय का, विशेष शाळा असेल तर कितवीपर्यंत, तिथे सांकेतिक भाषा वापरतात की बोलण्यावरच भर असतो. जिल्हा रुग्णालयात ऑडिओलॉजिस्ट कुठल्या वारी बसतात. मॅपिंगसाठी कुठल्या शहराला जावं लागेल आणि तिथे तुमच्या कंपनीच्या इम्प्लांटचं काम होतं का. आमच्या बाबतीत त्यासाठी मोठ्या शहरापर्यंत अख्खा दिवस मोडतो. ऑडिओग्राम, मॅपिंगचा अहवाल आणि विशेष शिक्षिकेच्या सहीचा आराखडा यांच्या प्रती आदेश आल्याच्या दिवशीच मागा. मुदत संपत आली की सह्यांची माणसं सुट्टीवर असतात. जादा बॅटऱ्या, एक केबल आणि दमटपणा शोषणारा डबा जवळच्या पिशवीत ठेवा, टेम्पोत नको. जुन्या बाईंना आणि नव्या बाईंना एकदा फोनवर बोलायला लावा. आमच्याकडे त्या एका संभाषणानं जे झालं ते कुठल्याच कागदानं झालं नव्हतं.

आमचं काय झालं, असं विचाराल तर बरं झालं. तालुक्यातले एक विशेष शिक्षक कर्णबधिर प्रवर्गाचे निघाले. करारावर कित्येक वर्षं काम करणारा हा माणूस दुचाकीवर गावोगाव फिरतो आणि लेकीच्या शाळेत येतो तेव्हा वर्गातली सगळी मुलं त्याच्याभोवती खुणा शिकायला जमतात. तिथे कर्णबधिर प्रवर्गाचे शिक्षक असतील असं कुठल्या यादीवरून कळलं नव्हतं. तो आमच्या नशिबाचा भाग होता. शेजारच्या तालुक्यात बदली झाली असती तर ते मिळाले नसते.

प्रत्येक जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर विशेष शिक्षकांची तालुकावार, प्रवर्गासह, दूरध्वनीसह यादी असावी, आणि ती बदल्यांचे आदेश निघण्याआधी, एप्रिलपर्यंत अद्ययावत व्हावी. आराखडा दाखल्याबरोबर जावा. नव्या तालुक्यानं पहिल्या दिवसापासून तो पाळावा. या मागण्या मी पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे आणि शालेय शिक्षण विभागाकडे लेखी दिल्या आहेत, दोन्हीकडे, कारण दोन दारं आहेत. २०१६ च्या कायद्यानं राज्य आयुक्तांना अशा तक्रारींची दखल घेण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी वकील लागत नाही आणि फी भरावी लागत नाही. समग्र शिक्षाचे पुढच्या वर्षाचे वार्षिक आराखडे जिल्ह्यांकडून साधारण हिवाळ्यात तयार होतात. ज्यांच्या घरात असं मूल आहे आणि ज्यांना येत्या उन्हाळ्यात गाव सोडावं लागणार आहे, त्यांनी आपापल्या जिल्ह्याला त्याआधी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी.